लाँग रननंतरची खा खा: ही भूक की दुसरंच काही?

पावसाळी_पायवाट | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, हा धागा तीन आठवड्यांपूर्वीच काढायला घेतला होता. दोनदा लिहून पुसला. आज पुसणार नाही.

वय ३६, वजन ५८ किलो, राहणार कोथरूड. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावायची आहे. फेब्रुवारीपासून आठवड्यातून चार दिवस धावते, रविवारी लांब पल्ला. त्याच सुमारास पाच किलो कमी करायचे म्हणून दिवसातून दोनदाच जेवायचं सुरू केलं. दुपारी एकला आणि रात्री साडेसातला. मधल्या वेळेत बिनसाखरेचा काळा चहा, बास.

आज पहाटे पाचला निघाले, चांदणी चौकातून भूगावच्या पुढे जाऊन परत, १८ किलोमीटर. पावणेआठला घरी. भूक अजिबात नव्हती, उलट अन्नाचा वास नको वाटत होता. एक वाजता दोन पोळ्या, भाजी, वरणभात. चार वाजता नवरा मुलाला घेऊन बाहेर गेला आणि मला खा खा सुटली. ओट्याशी उभी राहून शेंगदाण्याचे लाडू किती खाल्ले ते मोजले नाहीत. मग तूप-गूळ लावून दोन पोळ्या. मग चिवडा, थेट डब्यातून. मग बिस्किटांचा पुडा. शेवटी मुलासाठी आणलेलं आइसक्रीम. सव्वापाचला थांबले, कारण पोटाला तडस लागली होती. पुड्याचा कागद कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपला.

मला पडलेलं कोडं वेगळं आहे. मागच्या महिन्यात बहिणीकडे भोरला गेले होते. तिथेही सकाळी १६ किलोमीटर धावले आणि येऊन चार भाकऱ्या, पिठलं, ठेचा, वर दहीभात खाल्ला. मोजलं तर तेही आजच्याइतकंच भरेल. पण तेव्हा सगळ्यांबरोबर पाटावर बसून खाल्लं, ढेकर दिली, दुपारी गाढ झोपले. मनात काहीच आलं नाही. आज मात्र रडू आलं.

आणि एक. गेल्या बुधवारी धावले नव्हते, तरी रात्री साडेदहाला, घर झोपल्यावर, हेच झालं. गुरुवारी ते 'फेडायला' दहा किलोमीटर जास्तीचे धावले.

ही व्यायामानंतरची साधी भूक आहे की खाण्याचा आजार? ओळखायचं कसं?

---

सह्यकडा | रविवार, रात्री ११:१५

ताई, आधी एक ग्लास पाणी प्या आणि झोपा. सकाळी हे इतकं भयंकर वाटणार नाही.

मी साताऱ्याचाच, वय ५२, यवतेश्वरचा घाट बरीच वर्षं धावतोय. साधा हिशेब सांगतो. सपाटीवर धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. ५८ किलो आणि १८ किलोमीटर म्हणजे हजाराच्या वर. चढ असला तर आणखी. एवढं खर्चून तुम्ही सकाळी काही खाल्लं नाही, दुपारी दोन पोळ्या खाल्ल्या. चार वाजता शरीराने थकबाकी मागितली, एवढंच. आमच्या ग्रुपमध्ये रविवारी घाट उतरून आल्यावर एकेक जण मिसळीबरोबर सहा-सहा पाव खातो. त्याला कुणी आजार म्हणत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, ही भूक आहे. पोटभर नाश्ता करा, प्रश्न मिटेल.

---

दिवेघाट | सोमवार, सकाळी ७:०५

सह्यकडांना अनुमोदन. मी तीन वेळा माउलींच्या पालखीबरोबर चाललोय. पुण्याहून सासवडचा टप्पा म्हणजे तीस किलोमीटरच्या आसपास आणि त्यात दिवेघाटाची चढण. संध्याकाळी पंगतीत बसलं की घरी दोन पोळ्यांत आटपणारा माणूस पाच भाकऱ्या खातो. शेजारचा म्हातारा वारकरी आग्रहाने सहावी वाढतो. पोट भरलं की आपोआप हात थांबतो आणि माणूस भजनाला बसतो. तुमचं भोरचं जेवण मला त्या पंगतीसारखं वाटलं.

कालचं मात्र तसं वाटलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही.

---

आकाशकंदील | सोमवार, सकाळी ९:३०

मी सांगते का ते.

सह्यकडा, तुमचा हेतू चांगला आहे, पण 'ही भूकच आहे' असं एवढ्या खात्रीने सांगू नका. मला हेच वाक्य सहा वर्षं ऐकवलं गेलं. आई म्हणायची 'वाढतं अंग आहे', मैत्रिणी म्हणायच्या 'जिमला जातेस, भूक लागणारच'. मला बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून खात सुटण्याचा आजार, होता, निदान झालं तेव्हा मी २९ वर्षांची होते. आता चार वर्षं झाली, बरी आहे.

पावसाळी, तू लिहिलेल्या गोष्टींतल्या तीनच मला खुपल्या. लाडू, पोळ्या, चिवडा यांचा हिशेब मी केलाच नाही. एक, तू एकटी पडायची वाट पाहिलीस, निदान तुझ्या खाण्याने तरी पाहिली. दोन, कागद दडपलास. तीन, दुसऱ्या दिवशी धावून फेडलंस.

भूक असते तेव्हा माणूस अन्नाची चव घेतो. मला त्या तासाभरात चव लागायचीच नाही. गोड झालं की तिखट, तिखट झालं की गोड, घास गिळायच्या आधी पुढचा हातात. फ्रीजमधली कालची गार आमटी मी वाटीने प्यायले आहे. भूक म्हणून नाही आणि आवडते म्हणूनही नाही. कुणीतरी दुसरंच माझ्या हाताने खातंय आणि मी बाजूला उभी राहून बघतेय, असं वाटायचं. तेव्हा दार वाजलं असतं तर? भुकेला माणूस म्हणतो 'ये, बस, तूही घे'. मी डबा पाठीमागे लपवला असता.

मराठीत भस्म्या हा शब्द आपण किती सहज वापरतो. 'काय भस्म्या झालाय का तुला?' हे ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे हा आजार असू शकतो हे मनातच येत नाही, आपण अधाशी आहोत, हावरट आहोत, एवढंच वाटत राहतं.

---

नाचणी | सोमवार, दुपारी १:२०

मी आहारतज्ज्ञ आहे, खेळाडूंबरोबर काम करते. सह्यकडा आणि आकाशकंदील दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत असं मला वाटतं, आणि पावसाळी यांच्या आठवड्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या असाव्यात.

आधी भुकेचं. जोरात किंवा बराच वेळ व्यायाम केल्यावर लगेच भूक न लागणं अगदी नेहमीचं आहे. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक काही काळ दबतं, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं वाढतात. त्यात अंग तापलेलं असतं. म्हणून पावणेआठला 'अन्नाचा वास नको' वाटलं. याचा अर्थ शरीराला अन्न नको होतं असा नाही, निरोप यायला उशीर झाला. काहींना तो दुपारी येतो, काहींना दुसऱ्या दिवशी. लांब पल्ल्यानंतर सोमवारी ऑफिसात दिवसभर पोटात कावळे ओरडतात, असं सांगणारे कितीतरी जण माझ्याकडे येतात. पोहणाऱ्यांचं उलटं, गार पाण्यातून बाहेर आलं की लगेच भूक खवळते.

आता पावसाळींचा दिवस पाहा. शनिवारी रात्री साडेसातला जेवण. रविवारी एक वाजेपर्यंत काही नाही. साडेसतरा तासांचा उपास, आणि त्याच्या मधोमध १८ किलोमीटर! स्नायूंमधला साखरेचा साठा तळाला गेलेला. मग दोन पोळ्या. चार वाजता जे झालं, त्याच्या सुरुवातीला खरी, शारीरिक भूक होती यात मला शंका नाही. कुणाही निरोगी माणसाला असं ठेवलं तर तो स्वयंपाकघरात शिरेल.

करून पाहायची गोष्ट सोपी आहे. निघण्याआधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर. परत आल्यावर तासाभरात, भूक असो वा नसो, काहीतरी पोटात जाऊ द्या. घन जात नसेल तर पातळ घ्या: दूध-केळं, नाचणीची आंबील ताकातली, थोडं मीठ घालून. त्यानंतर नीट नाश्ता. पोहे-उपीट चालेल, पण नुसतं नको, बरोबर दोन अंडी आणि कपभर दूध असेल तर वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. शाकाहारी असाल तर शंभर ग्रॅम पनीर जवळपास तेवढंच काम करतं. आणि सरावाच्या या दिवसांत दोनदाच जेवण्याचा नेम सोडा. वजन कमी करणं आणि घाटाच्या शर्यतीची तयारी ही दोन कामं एकाच वेळी शरीराकडून मागू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

एक विचारते, इथे सांगायचं नसेल तर नका सांगू. पाळी वेळेवर येते का?

---

लोखंड७५ | सोमवार, दुपारी ४:१०

कोल्हापूरकर. पुरुषांनाही होतं हे, म्हणून लिहितोय.

मी दोन वर्षं सहा दिवस उकडलेलं चिकन आणि भात मोजून खायचो, रविवारी 'चीट डे'. सुरुवातीला एक प्लेट बिर्याणी आणि आइसक्रीम. मग सकाळपासून रात्रीपर्यंत. शनिवारी रात्री यादी करायचो काय काय खायचं त्याची. सोमवारी पाणी पिऊन राहायचो. जिममध्ये याला शिस्त म्हणत, त्यामुळे मलाही वाटलं शिस्तच आहे. बहिणीच्या लग्नाच्या पंगतीत मी ताटावर बसलो नाही, कारण तो शुक्रवार होता. रात्री एकटाच खोलीत बसून मिठाईचा डबा संपवला. तेव्हा कळलं की काहीतरी बिनसलंय.

आता चीट डे नाही. रोज थोडा गूळ, रोज एक पोळी तुपाची. वजन दोन किलो वाढलं, झोप परत आली.

---

मनडोह | सोमवार, रात्री ९:५५

मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. पडद्यावरून निदान करता येत नाही आणि करणारही नाही. पण पावसाळी यांनी 'ओळखायचं कसं' असं विचारलं आहे, त्याचं सरळ उत्तर देणं शक्य आहे.

बिंज ईटिंग डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत २०१३ साली आलं, पण खाण्याच्या या पद्धतीचं वर्णन स्टंकार्ड या डॉक्टरांनी १९५९ मध्येच केलं होतं. त्या नियमावलीप्रमाणे दोन गोष्टी एकत्र लागतात. थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, तशाच परिस्थितीत बहुतेक माणसं खातील त्याहून स्पष्टपणे जास्त खाणं. आणि त्या वेळी आपला ताबा सुटला आहे, थांबता येत नाही, ही जाणीव.

यातले 'तशाच परिस्थितीत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दिवेघाट चढून आलेल्या माणसाच्या पाच भाकऱ्या आणि दिवसभर गादीवर बसलेल्या माणसाच्या पाच भाकऱ्या एका तराजूत तोलायच्या नाहीत. सणाची पंगत, लग्नातलं जेवण, श्रीखंडाची चौथी वाटी, हे सगळं जास्त खाणं आहे, बिंज नाही.

पुढे आणखी पाच खुणा पाहतात, त्यांतल्या किमान तीन असाव्या लागतात: नेहमीपेक्षा फार भरभर खाणं, तडस लागेपर्यंत खाणं, शारीरिक भूक नसताना पुष्कळ खाणं, लाजेमुळे एकट्याने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस, उदासी किंवा फार अपराधी वाटणं. असे प्रसंग आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने, आणि त्यांचा मनाला खरा त्रास. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली वर्गवारी तर प्रमाणावर आणखी कमी भर देते. खाल्लेलं थोडंच असलं, तरी ताबा सुटल्याची जाणीव तिथे धरली जाते.

आता आकाशकंदील यांनी नेमकी हेरलेली तिसरी गोष्ट, दुसऱ्या दिवशीचं धावणं. बिंजनंतर ते भरून काढण्यासाठी वारंवार उलट्या करणं, जुलाब होण्याची औषधं घेणं, कडक उपास किंवा अति व्यायाम करणं, हे आलं की निदान बदलतं, मग आपण बुलिमियाबद्दल बोलतो. लोकांना वाटतं बुलिमिया म्हणजे उलट्याच. तसं नाही. धावपटूमध्ये तो धावण्याच्या मागे वर्षानुवर्षं लपू शकतो, कारण जास्तीचे दहा किलोमीटर धावणाऱ्याला सगळे शाबासकी देतात. म्हणून मी रुग्णांना 'किती खाल्लं' याआधी विचारतो: 'आज पाय दुखतोय म्हणून धावता आलं नाही, तर काय वाटेल?' उत्तर देताना कुणी अस्वस्थ झालं, तर आम्ही तिथेच थांबून बोलतो.

कुणी मुद्दाम उलट्या करत असेल किंवा जुलाब होण्याची औषधं घेत असेल तर वाट पाहू नका. रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लगेच डॉक्टरांना दाखवा. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि एक साधी गोष्ट सगळ्यांसाठी. भूक फार वाढली, तहानही वाढली, लघवीला सारखं जावं लागतं, वजन उतरतंय, असं असेल तर आधी साखर आणि थायरॉइड तपासा. स्टेरॉइड आणि मानसोपचारातली काही औषधंही भूक वाढवतात.

---

उत्तरध्रुव | मंगळवार, पहाटे ४:३०

मिनिआपोलिसहून. गेली अकरा वर्षं इथे आहे. हा धागा वाचताना राहवलं नाही, कारण यातल्या एका मोठ्या गोष्टीचा शोध माझ्या घरापासून थोड्या अंतरावर लागला.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, युरोपात लोक उपाशी होते तेव्हा, अॅन्सेल कीज नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने इथल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, धडधाकट, स्वेच्छेने आलेले पुरुष. प्रयोगशाळा विद्यापीठाच्या जुन्या स्टेडियमखाली होती. ते स्टेडियम आता पाडलंय. १९४५ मध्ये सहा महिने त्यांना रोज सरासरी १५७० कॅलरींच्या आसपास जेवण दिलं, बटाटे, सलगमसारखे कंद, पाव, मॅकरोनी. आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. आपल्याकडच्या किती डाएट-चार्टवर १२०० लिहिलेलं असतं ते आठवा!

त्यांचं वजन पावपट उतरलं. पण मला हलवून गेलं ते मनाचं वर्णन. ज्यांना आधी स्वयंपाकात रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. ताट तास-दोन तास चिवडत राहायचे. आणि प्रयोग संपून पोटभर अन्न मिळू लागलं, तेव्हा काहींना पोट फुगेपर्यंत खाऊनही भूक भागल्यासारखं वाटेना. काहींचं हे महिनोन्महिने चाललं.

हे पुरुष आधी शरीराने, मनाने निरोगी म्हणून निवडलेले होते. त्यांच्यात कुणी 'हावरट' नव्हतं. अर्धपोटी ठेवल्यावर माणसाचं असं होतं. पावसाळी, फेब्रुवारीपासून तुझं काय चाललंय ते यांच्या शेजारी ठेवून बघ.

---

शेवंती | मंगळवार, सकाळी ११:००

नाचणी यांचा पाळीचा प्रश्न वाचून लिहिते. माझी मुलगी सतराची, राज्य पातळीवर पोहते. मागच्या वर्षी पाच महिने पाळी आली नाही. कोच म्हणाले खेळाडूंचं असं होतंच, मीही मान डोलावली. नंतर पायाच्या हाडाला बारीक तडा गेला, तेव्हा क्रीडावैद्यक डॉक्टरांनी सांगितलं की सरावाच्या मानाने खाणं कमी पडतंय, शरीराने खर्च वाचवायला पाळी बंद केली आणि हाडंही कमजोर होतायत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलंय, मुलग्यांनाही होतं, हे तेव्हा कळलं. ती रात्री चोरून खायची म्हणून मी तिला रागावत होते. डबे वरच्या फडताळात ठेवत होते. आज त्याचं फार वाईट वाटतं. तिला भूक लागलेली होती.

---

आकाशकंदील | मंगळवार, दुपारी १२:४०

शेवंती, डबे वर ठेवणाऱ्या आयांमध्ये माझीही आई होती. तिला काही सांगणारं कुणी नव्हतं. तुम्हाला वेळेत कळलं.

उत्तरध्रुव, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या थेरपीत पहिले दोन महिने बालपणाबद्दल वगैरे बोललोच नाही. पहिलं काम एकच: तीन जेवणं, दोन मधली खाणी, चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. बिंज झालं तरी पुढचं जेवण चुकवायचं नाही. तेच सगळ्यात अवघड होतं. रात्री एवढं खाल्ल्यावर सकाळी पोहे खायचे म्हणजे मला पाप वाटायचं. पण सकाळ चुकवली की संध्याकाळ ठरलेली. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' आपण हसत म्हणतो, तीच गाठ मी सहा वर्षं सोडवत होते.

तरीही सांगते, खाणं नीट झालं आणि माझी निम्मी बिंजेस गेली. निम्मी राहिली. ती भुकेची नव्हती. ती ऑफिसातून आल्यावरच्या रिकाम्या घराची होती. त्यांच्यासाठी थेरपिस्ट लागली. म्हणून पावसाळी, आधी खाऊन बघ आणि मग काय उरतं ते बघ.

---

सह्यकडा | मंगळवार, रात्री ८:३०

आकाशकंदील, तुमचं पटलं. मी पुड्याच्या कागदाची ओळ वाचूनही सोडून दिली होती. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा दर रविवारी मिसळ टाळायचा, 'घरी खातो' म्हणायचा. आम्ही त्याच्या मनोनिग्रहाचं कौतुक करायचो. आज त्याला फोन केला. शर्यतीबद्दल काही बोललो नाही, फक्त भेटायला बोलावलं आहे.

---

पावसाळी_पायवाट | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३:१५

उशीर झाला त्याबद्दल माफ करा. सगळे प्रतिसाद अनेकदा वाचले. नाचणी, पाळी दोन महिने लांबली होती, मी धावण्यावर ढकलत होते. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलं, तपासण्या सांगितल्यात. साखर, थायरॉइड ठीक निघालं.

दोनदाच जेवायचं बंद केलं. वजनकाटा बहिणीकडे भोरला पाठवला. आणि एक वही केली. त्यात कॅलरी लिहिल्या नाहीत, एवढंच लिहिलं: शेवटचं कधी खाल्लं, आत्ता कुठे जाणवतंय, काय चालेल, आणि कुणी आलं तर.

पहिल्या रविवारी १४ किलोमीटर. निघताना केळं, आल्यावर ताकातली आंबील जबरदस्तीने, नऊला उपीट आणि दोन अंडी. बाराला परत कडकडून भूक लागली. घाबरले. वहीत लिहिलं: 'पोटात खड्डा, हात थोडे थरथरतायत. काय चालेल? काहीही, वरणभातही.' तीन पोळ्या, उसळ, भात खाल्ला. चौथी पोळी घ्यावी का याचा विचार केला आणि घेतली. पाचवी नको वाटली. ही नको आपोआप आली, मी आणली नाही. चार वाजता सवयीने स्वयंपाकघरात गेले, लाडवाचा डबा उघडला, एक लाडू खाल्ला आणि डबा बंद झाला. मी तिथेच उभी राहिले थोडा वेळ. इतकं साधं असू शकतं हे विसरले होते.

दुसऱ्या रविवारी १९. दिवसभर खात होते, खूप खाल्लं, पण सगळं ताटात आणि सगळ्यांसमोर. मुलगा म्हणाला, 'आई, तू आज माझ्याबरोबर आइसक्रीम खाल्लंस.'

रविवार सुटला असं वाटतंय. बुधवार नाही.

पहिल्या बुधवारी काही झालं नाही. दुसऱ्या बुधवारी जेवण साडेआठला पोटभर झालं होतं. साडेदहाला वहीत लिहिलं: 'पोट भरलेलं आहे. घशात आणि छातीत काहीतरी आहे. काय चालेल? वरणभात नको. फक्त चिवडा, फक्त गोड. कुणी आलं तर? नको, कुणी येऊ नये.' हे लिहून झाल्यावरही उठले आणि खाल्लं. थांबता आलं नाही. पण पहिल्यांदा दिसलं की ही ती भूक नाही. बुधवार हा सासऱ्यांच्या डायलिसिसचा दिवस असतो, घरी आल्यावर मी कुणाशी काही बोलत नाही. हे जुळवायला मला वही लागली.

गुरुवारी धावायला गेले नाही. बूट घातले होते. काढून ठेवले आणि सकाळचा नाश्ता केला, आकाशकंदील, तू म्हणालीस तसा. रडत केला.

मनडोह यांनी सांगितलेल्या खुणा परत वाचल्या. तीन महिन्यांचं गणित माझं जवळपास भरतंय. येत्या गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'बुधवारी बाबांबरोबर मी जातो.'

साताऱ्याचं नक्की नाही. डॉक्टर काय म्हणतात त्यावर.

---

सह्यकडा | रविवार, दुपारी ३:५०

सातारा कुठे जात नाही ताई. घाट पुढच्या वर्षीही तिथेच आहे. धावायला आलात किंवा नुसत्या टाळ्या वाजवायला आलात, तरी नाश्ता आमच्या घरी.

---

आकाशकंदील | रविवार, दुपारी ४:२०

वही बरोबर ने. आत गेल्यावर तोंड उघडत नाही, माझं पहिल्या वेळी झालं होतं, वीस मिनिटं धावण्याबद्दलच बोलत बसले. तसं झालं तर बुधवारचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेव. कागद दडपल्याचं आणि गुरुवारच्या धावण्याचं आवर्जून सांग, ते विचारायचं राहू शकतं. आणि जायच्या आधी जेवून जा.

गुरुवारी संध्याकाळी मी इथे आहे. लिहावंसं वाटलं तर लिही.